झेरॉक्स, लॅमिनेशन, इतिहास

टेंभीपाड्याच्या चढावर, पिठाच्या गिरणीला लागून
माझं दुकान, सात बाय नऊ.
गिरणी सुरू झाली की कीबोर्डवर पांढरी साय धरते,
एफ अक्षर तर कधीचंच दिसेनासं झालंय.

कॉम्प्युटर एक, ब्राउझर तीन.
पहिला जुना, निळ्या अक्षराचा,
एका सरकारी अर्जापुरता ठेवलाय.
तो अर्ज दुसऱ्या कशातच उघडत नाही,
ठरावीक कपातूनच चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

दुसरा रोजचा. वीजबिल, पॅनकार्ड, शाळेचे दाखले,
गणपतीला कोकणात जायच्या गाडीचं वेटिंग.
त्याला सगळं आठवतं. नको तेवढं आठवतं.
दोन अक्षरं दाबली की
पुढचं वाक्य हाच बोलून टाकतो.

तिसरा कोल्ह्याचा.
त्याची खूण कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्याशेजारी.
बंद केला की सगळं विसरायचं, असं शिकवलंय त्याला.
गिऱ्हाईक आवाज उतरवून म्हणतं, “जरा एक बघायचं होतं...”
तेव्हा मी कोल्हा उघडून देतो
आणि लॅमिनेशनच्या मशीनकडे तोंड करून उभा राहतो,
मशीन तापलेलं नसलं तरी.

कोण काय बघतं, मला माहीत नाही.
पडेलकर काका एका बोटाने टाइप करतात
आणि मधेच थांबून चष्मा पुसतात, हे माहीत आहे.
वरच्या गल्लीतला एक पोरगा
दहाच्या जागी वीस ठेवतो आणि सुटे न घेता जातो,
हे माहीत आहे.

त्या दुपारी मी शाई आणायला खाली स्टेशनकडे गेलो होतो.
दुकानात भाचा. त्याने रोजचाच उघडून दिला.
मला हे कुणी सांगितलं नाही,
जाहिरातींनी सांगितलं.
वीजबिलाच्या बाजूला: नोकरदार महिलांसाठी वसतिगृह, ठाणे.
पॅनकार्डाच्या खाली: एकटीला पुरेल अशी खोली, डिपॉझिट कमी.
मी वही उघडली. भाच्याचं अक्षर:
२.४०, घाग वहिनी, अर्धा तास.

पुसायला हवं होतं लगेच.
पण त्यात तिघांचे अर्ज अर्धवट होते,
माझ्या बँकेचा पासवर्ड होता, जो मला स्वतःला येत नाही.
म्हटलं, उद्या.

उद्या सकाळी दिगंबर घाग आला, गॅसच्या केवायसीला.
स्टुलावर बसला, गुडघे माझ्या टेबलाला टेकवून.
पडद्यावर एक बाई बॅग घेऊन हसत होती.
“हे कोण शोधतंय?”
“मीच. भाचीसाठी. कळव्याला नोकरी लागलीय.”
मला भाची नाही.
भाचा शेजारीच बसून स्टेपलरमध्ये पिना भरत होता.
त्याने मान वर केली नाही. शहाणा आहे तसा.
“पोरींना असं एकटं ठेवू नये,” घाग म्हणाला,
आणि प्रिंटवर फुंकर मारत उतारावरून गेला.

रात्री शटर अर्धं ओढून मी रोजचा पुसला.
खरंच पुसायचं का, विचारलं त्याने.
हो म्हटलं.
दुसऱ्या दिवशी प्रत्येक पान मलाच विचारू लागलं,
तू कोण.
बँकेत जाऊन दोन तास रांगेत उभा राहिलो.
पडेलकर काकांचा अर्ज पहिल्यापासून भरला.

पंधरा-वीस दिवसांनी वहिनी आली.
चपला दुकानाबाहेर काढल्या, कुणी काढत नाही तशा.
भाडेकरार, दोन प्रती.
मी नेमका कोल्ह्याकडे हात नेला होता, तो मागे घेतला.
झेरॉक्सच्या काचेवर कागद पालथा ठेवावा लागतो,
ते एक बरं आहे.
झाकणाच्या फटीतून उजेड सरकत गेला
पहिल्या पानावरून शेवटच्या पानापर्यंत.

वहीत लिहिलं:
झेरॉक्स, सोळा रुपये.
नावाची जागा तशीच सोडली.